चांद्याचे दोन मुलूख : स्वातंत्र्याच्या वाटेवरील राजकीय पक्ष

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळे झाले. त्याआधी ते एकाच जिल्ह्याचे, जुन्या नावाने चांद्याचे, भाग होते. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी गिळले तेव्हापासून १९४७ पर्यंत या जिल्ह्याचा कारभार कधीच एका पद्धतीने चालला नाही. पश्चिमेला वरोडा, चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल आणि खुद्द चांदा शहर हा मालगुजारीचा मुलूख होता. तिथे सारा सरकारचा, गाव मालगुजाराचे आणि कष्ट कुळाचे. दप्तरी भाषेत हा खालसा. वैनगंगेच्या पूर्वेला गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलींत आरमोरीसारखी काही खालसा गावे होती, पण जंगलाचा बहुतेक पट्टा जमीनदारांचा होता. त्यांत अहेरी सर्वांत मोठी, अडीच हजार चौरस मैलांच्या वर पसरलेली. बाकीच्या धानोरा, मुरूमगाव, रांगी, खुटगाव, पोटेगाव, चांदाळा अशा लहानमोठ्या. या गावांत गोंड, माडिया, परधान आणि हलबा यांची वस्ती. दक्षिणेला सिरोंच्याकडे बोली तेलुगू, मधल्या जंगलात गोंडी आणि माडिया, वैनगंगेच्या काठाने झाडीबोली मराठी.

स्वातंत्र्यापूर्वीच्या तीसेक वर्षांत यांपैकी पहिल्या मुलखात राजकीय पक्ष आले, रुजले, भांडले आणि फुटले. दुसऱ्या मुलखात मात्र पक्षाचे काम असे फारसे उभेच राहिले नाही. हा फरक अंतराचा किंवा मागासलेपणाचा म्हणून सोडून दिला जातो. प्रत्यक्षात तो कायद्याने, मतदानाच्या अटींनी आणि जमीनदारीच्या रचनेने घडवला होता. चांद्यातील पक्षांचा इतिहास समजून घ्यायचा तर ते कुठे होते याच्याइतकेच ते कुठे नव्हते आणि का नव्हते हेही पाहावे लागते.

पूर्वेकडच्या मुलखाला राजकारण नवे नव्हते. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवून इंग्रजांविरुद्ध लढा दिला, आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीणबाईंची मदत झाली होती, आणि बंडवाल्यांच्या जमीनदाऱ्या पुढे अहेरीला जोडल्या गेल्या. या एका घटनेने पुढच्या नव्वद वर्षांचा पाया घातला. सरकारशी एकनिष्ठ राहिलेला जमीनदार मोठा झाला, विरोधात उभा राहिलेला संपला, आणि रयत व सरकार यांच्यामध्ये उभा असलेला माणूस दोघांनाही टाळता येईना. पक्ष उभा राहायला अशा मधल्या माणसाच्या पलीकडे जाणारा रस्ता लागतो. तो या जंगलात नव्हता.

खालसा मुलखात तो रस्ता शब्दशः होता. वर्ध्याहून वरोड्यापर्यंतची रेल्वे वरोड्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात आली. पुढे ती बल्लारपुराकडे गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल या वाटेने चांदा फोर्टपर्यंत अरुंद रुळांचा फाटा झाला. वर्तमानपत्रे, वकील, शाळामास्तर, कापसाचे दलाल आणि सभांना येणारे नागपूरकर वक्ते सगळे याच वाटेने आले. आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला त्या काळी वडसा हे एकच स्टेशन आले होते.

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात असहकाराचा ठराव पक्का झाला, आणि चांद्याच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्टही झाली: काँग्रेसने आपले प्रांत भाषेप्रमाणे आखले. सरकारच्या लेखी मध्य प्रांत आणि वऱ्हाड एक होता, काँग्रेसच्या लेखी मात्र त्याचे तीन भाग झाले. हिंदी महाकोशल, वऱ्हाडचा विदर्भ आणि मराठी मध्य प्रांताचा नागपूर. चांदा नागपूर प्रांतिक समितीखाली आला. पक्षाची भाषा मराठी ठरली आणि तिने वरोडा-ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्याला पक्षाजवळ आणले. गोंडी आणि तेलुगू बोलणाऱ्या मुलखाचा विचार त्या आखणीत कुणी केला नाही, आणि दोष द्यायचा तर तो इथून द्यावा लागतो.

१९२३ च्या कौन्सिल निवडणुकीत मध्य प्रांताने देशाचे लक्ष वेधले. डॉ. बा. शि. मुंजे यांच्या पुढारपणाखाली स्वराज्य पक्षाला इथे स्पष्ट बहुमत मिळाले. दुसऱ्या कुठल्याही प्रांतात ते मिळाले नाही. पक्षाने मंत्रिपदे घेतली नाहीत, उलट मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला आणि द्विदल राज्यपद्धती बंद पाडली. १९२५ मध्ये याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली आणि पक्ष फुटला. मुंजे, बापूजी अणे, केळकर आणि जयकर प्रतियोगी सहकारितेकडे गेले. हे भांडण चांद्याच्या वकीलवर्गात आणि मालगुजारांच्या वाड्यांत तावातावाने चर्चिले गेले असणार, पण ते तिथेच राहिले. मताचा हक्क जमीन, भाडे, कर आणि शिक्षण यांवर होता, आणि कुळाला तो क्वचित मिळे. त्यामुळे १९२० च्या दशकातले पक्ष हे मूठभर मतदारांचे पक्ष होते.

त्यांना गावात नेले ते १९३० च्या जंगल सत्याग्रहाने. मध्य प्रांतात मिठागरे नाहीत, कायदा मोडायचा तर जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सुरुवात केली. यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. केशव बळिराम हेडगेवार याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. बैतूलमध्ये गंजनसिंह कोरकू यांच्यामागे गोंड आणि कोरकू मोठ्या संख्येने उभे राहिले, शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे गोळीबारात गोंड स्त्रिया मेल्या. जंगल हा सबंध प्रांतातल्या आदिवासींच्या जगण्याचा प्रश्न होता. सरपण, बांबू, चराई, मोहफूल, चारोळी, घराला लागणारे लाकूड या साऱ्याला चांद्यात एकच शब्द आहे, निस्तार. निस्ताराचा हक्क कुणाचा, किती आणि कुणाच्या मर्जीने, यावरून गावात रोज खटके उडत.

तरीही वैनगंगेपलीकडच्या जमीनदाऱ्यांत बैतूलसारखे काही घडले नाही. खालसा मुलखातले राखीव जंगल सरकारचे होते, तेव्हा तिथले गवत कापणे म्हणजे उघड सरकारचा कायदा मोडणे. जमीनदारीतले जंगल जमीनदाराचे होते. तिथे गवत कापले तर तो मालकाशी तंटा ठरे, आणि त्या काळी काँग्रेस मालगुजार-जमीनदारांना दुखवायला तयार नव्हती. पक्षाच्या चांद्यातल्या आधारापैकी पुष्कळ मालगुजारच होते. म्हणून ज्यांना निस्ताराची गरज सर्वांत जास्त होती तेच या लढ्याच्या बाहेर राहिले.

१९३५ च्या कायद्याने हा फरक लिखित झाला. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा ठरल्या. त्यांत ८४ सर्वसाधारण, आणि या ८४ पैकी २० अस्पृश्य वर्गांसाठी राखीव. मुसलमानांना १४, जमीनदार-जमीनमालकांना ३, स्त्रियांना ३, व्यापाराला २, कामगारांना २, विद्यापीठाला १, युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना प्रत्येकी १. सबंध प्रांतातल्या मागास मुलखांना आणि जमातींना मिळून जागा एक. मंडला, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, मेळघाट आणि चांदा इथल्या लाखो गोंड, कोरकू, बैगा आणि माडियांसाठी एक, आणि जमीनमालकांसाठी तीन. या दोन आकड्यांत त्या कायद्याची नजर दिसते.

पाठोपाठ १९३६ चा हुकूम आला. त्याने अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगाव, कोटगल, मुरूमगाव, पळसगड, रांगी, सिरसुंडी, सोनसरी, चांदाळा, गिलगाव, पावीमुरांडा आणि पोटेगाव या जमीनदाऱ्या ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवल्या. याचा अर्थ असा, की नागपूरच्या विधानसभेने केलेला कोणताही कायदा गव्हर्नरने जाहीर सूचना काढल्याशिवाय तिथे लागू होत नसे, आणि तो लागू करताना गव्हर्नर त्यात हवा तो फेरफार करू शके. हेतू संरक्षणाचा सांगितला जाई. सावकार, दारूवाले आणि जमिनी बळकावणारे परके यांच्यापासून आदिवासींना राखायचे, अशी त्यामागची भूमिका होती, आणि त्या भीतीत तथ्य होते. पण जमीनदार हा त्यांच्या अंगावर बसलेला पहिला माणूस, आणि त्याला या हुकुमाने हात लागला नाही. कायदेमंडळाचा कायदा जिथे आपोआप पोचतच नाही, तिथे कायदेमंडळात जाणाऱ्या पक्षाला सांगण्यासारखे काय उरते? मत मागायला गेलेल्याने कोणते आश्वासन द्यायचे? १९३७ च्या उमेदवारांनी जमीनदारी पट्ट्याकडे पाठ फिरवली असेल, तर त्यामागे हे साधे कारणही होते.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला प्रांतात बहुमत मिळाले. मताचा हक्क आधीपेक्षा वाढला होता, तरी ब्रिटिश हिंदुस्थानात मत देऊ शकणारे लोक एकूण लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्शाच्या वर नव्हते. जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले, आणि वर्षभरात, जुलै १९३८ मध्ये, ते कोसळले. खरे आणि मराठी भागातले मंत्री एका बाजूला, रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र हे महाकोशलचे मंत्री दुसऱ्या बाजूला. काँग्रेसश्रेष्ठींनी खऱ्यांना दोषी धरले आणि शुक्ल मुख्य झाले. मराठी मुलखात याची जखम खोल गेली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी विधानसभेने वेगळ्या विदर्भ प्रांताची मागणी करणारा ठराव मंजूर केला. पुढे ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात हाच प्रश्न पुन्हा आला. चांद्यातले काँग्रेस कार्यकर्ते अशा रीतीने एकाच वेळी दोन वाद वागवत होते, इंग्रजांशी आणि महाकोशलाशी. जंगलातल्या कुळासाठी मात्र नागपुरात मंत्री मराठी आहे की हिंदी, याने फरक पडत नव्हता.

या पिढीच्या कार्यकर्त्यांत मारोतराव कन्नमवार ठळक. १० जानेवारी १९०० रोजी मूल तालुक्यातल्या मारोडा गावी गरीब घरात त्यांचा जन्म झाला. मालगुजार आणि वकील यांच्या काँग्रेसमध्ये ते खालून वर आले, चांद्याच्या खेड्यापाड्यांत फिरून त्यांनी पक्ष बांधला, आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. या जिल्ह्यात पक्षाला गावकऱ्यांचा पाठिंबा मिळाला तो वाड्यांमुळे कमी आणि कन्नमवारांसारख्या पायी फिरणाऱ्या माणसांमुळे जास्त.

काँग्रेसखेरीज ज्या राजकारणाने चांद्यात खरी मुळे धरली ते आंबेडकरांचे. महार समाज या जिल्ह्यात मोठा. कोतवाली, विणकाम, शेतमजुरी, जंगलातले लाकूडकाम आणि कोळशाच्या खाणी यांत तो विखुरलेला होता. नागपुरात किसन फागूजी बनसोडे आणि गणेश आकाजी गवई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच संघटनेचे काम सुरू केले होते. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष आला, आणि जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पुणे कराराने मिळालेल्या राखीव जागांची पद्धत या पक्षाला मारक होती. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची, मग त्यांतला एक सगळ्यांच्या मतांनी. आपल्या समाजाचा पहिल्या पसंतीचा माणूस अंतिम फेरीत सवर्ण मतांवर पडे. १९४६ मध्ये देशातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या हाती दोनच लागल्या, आणि त्यांतली एक मध्य प्रांत-वऱ्हाडातली होती. जागांच्या हिशेबाने हा पराभव असला, तरी चांद्यातले संघटन टिकले. २५ सप्टेंबर १९२५ रोजी चांद्यात जन्मलेले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे या परंपरेतून पुढे आले आणि राज्यसभेचे उपसभापती झाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात दुसरा मोठा दीक्षासमारंभ घेतला. निवडणुका हरूनही गावोगाव लोक जोडून ठेवणारा पक्ष कसा असतो, हे या जिल्ह्याने फेडरेशनच्या रूपाने पाहिले.

हिंदू महासभेचा जोर नागपुरात होता, चांद्यात तो शहरापुरता. मुस्लिम लीग १९४६ मध्ये प्रांतातल्या १४ मुस्लिम जागांपैकी १३ जिंकली. चांद्यात मुसलमान थोडे असल्याने तिचा स्थानिक प्रभाव मर्यादित होता.

१६ ऑगस्ट १९४२ या दिवसाने मात्र चांदा जिल्हा देशभर माहीत झाला. ९ ऑगस्टला काँग्रेसचे पुढारी पकडले गेले, समित्या बेकायदा ठरल्या, आणि पक्ष म्हणून जे काही होते ते कागदावरून पुसले गेले. चिमूर तेव्हा वरोडा तहसिलीतले एक मोठे गाव. तिथे उरले ते भजनी मंडळ. तुकडोजी महाराजांचा या भागाशी जुना ऋणानुबंध होता. त्यांची खंजिरी आणि भजने ऐकायला आसपासच्या खेड्यांतून लोक येत, आणि त्या भजनांत स्वराज्याची हाक उघड होती. नागपंचमीच्या सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी ती अडवली, लाठी आणि गोळी चालली, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. चिडलेला जमाव विश्रामगृहाकडे वळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई मारले गेले. रस्त्यावर झाडे पाडली होती, पूल मोडला होता, म्हणून लष्कर १९ ऑगस्टला पोचले. तोपर्यंत तीन दिवस चिमूर इंग्रजी राज्याबाहेर होते.

नंतरचे दिवस गावाने कधी विसरले नाहीत. पुरुषांना धरून नेले, घरे लुटली, आणि सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारने चौकशी नाकारली आणि बातम्या दाबल्या. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी आधी दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असलेल्या बापूजी अण्यांच्या दारी गेले. मग त्यांनी उपोषण मांडले, आणि ते ६३ दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. ते सोडवताना सरकारशी बोलणी करणारे डॉ. खरे होते. डॉ. मुंजे चिमूरला जाऊन आले आणि जे पाहिले ते त्यांनी बोलून दाखवले. फाशीच्या शिक्षा झालेल्यांसाठी अनसूयाबाई काळे झटल्या, आणि शेवटच्या कैद्यांची फाशी १९४५ मध्ये टळली. चार-पाच वर्षांपूर्वी एकमेकांचे तोंड न पाहणारे हिंदुसभावाले, काँग्रेसमधून काढलेले आणि सेवाग्रामवाले या एका गावाच्या बायकांसाठी एका बाजूला उभे राहिले. तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्टला चांद्यात अटक झाली, डिसेंबरमध्ये ते सुटले. चिमूरचा उठाव काँग्रेसच्या खात्यावर लिहिला जातो, आणि तो तसा लिहावाच. पण त्या सकाळी लोकांना एकत्र आणणारी ताकद पक्षाच्या समितीपेक्षा भजनी मंडळाची होती. पक्षाने दिलेला विचार आणि मंडळाने बांधलेली माणसे यांची तशी जुळणी वैनगंगेच्या पूर्वेला झाली नाही.

शेजारच्या संस्थानांची छायाही या मुलखावर होती. वर्धा नदीपलीकडे राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. तिथे हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये जन्मतःच बंदी आली, ती १९४६ पर्यंत उठली नाही. त्याच आदिलाबादमध्ये जोडेघाटला कुमराम भीम यांनी जंगल आणि जमीन यांसाठी गोंडांचा लढा उभारला, आणि १९४० मध्ये ते मारले गेले. राजुरा १७ सप्टेंबर १९४८ नंतर मुक्त झाला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर, १९१० च्या भूमकालची आठवण जपणारे. म्हणजे अहेरी-भामरागडच्या माडियांच्या दोन्ही अंगांना आदिवासींच्या उठावांचा ताजा इतिहास होता, आणि पक्ष दोन्हीकडे नव्हता. छोटानागपुरात १९३८-३९ मध्ये आदिवासी महासभा उभी राहिली, जयपालसिंह मुंडा तिचे अध्यक्ष झाले. तिथे मिशनच्या शाळांतून शिकलेला आदिवासी वर्ग होता. चांद्याच्या जमीनदारीत शाळाच विरळ होत्या. गावाचा कारभार भूमिया आणि गायता पाहत, वाद गावाच्या बैठकीत मिटत, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचे काम जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे किंवा जंगलाच्या गार्डाकडे.

या मुलखाचे सविस्तर सरकारी चित्र काँग्रेस मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेल्यानंतर तयार झाले. १९४० मध्ये डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांना आदिवासींच्या चौकशीसाठी नेमले, आणि त्यांचा अहवाल १९४४ मध्ये छापला. बेगार, सावकारी, दारूचे ठेके, जमिनी हातच्या जाणे, फिरत्या शेतीवरची बंदी या सगळ्यांची नोंद त्यात आहे. ग्रिगसन साम्राज्याचे अधिकारी होते आणि त्यांचे उपायही त्याच चौकटीतले. तरीही निवडून आलेल्या सभेने दोन वर्षांच्या सत्तेत ज्या प्रश्नाकडे नीट पाहिले नाही, तो एका नेमलेल्या अधिकाऱ्याने मांडला, ही बाब कोणत्याही पक्षाच्या इतिहासकाराला टोचली पाहिजे.

असाच नकाशा पश्चिम आफ्रिकेतही दिसतो. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, स्वातंत्र्याकडे जात असताना दक्षिणेत शाळा, बंदरे, कोको आणि वर्तमानपत्रे होती, आणि पक्षही तिथेच जन्मले. १९४७ मध्ये जे. बी. डान्क्वा आदींचे युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन, जून १९४९ मध्ये क्वामे एन्क्रुमा यांची कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी. १९५१ च्या निवडणुकीत एन्क्रुमांचा पक्ष लोकनियुक्त ३८ जागांपैकी ३४ जिंकला आणि ते तुरुंगातून सरळ सत्तेत आले. उत्तरेचा प्रदेश वेगळ्या कारभाराखाली ठेवलेला होता. १९४६ च्या राज्यघटनेत त्याला कायदेमंडळात जागाच नव्हती, १९५१ मध्ये मिळाली तीही सरदारांच्या निवडक मंडळांमार्फत. पण १९५४ मध्ये उत्तरेच्या लोकांनी नॉर्दर्न पीपल्स पार्टी हा स्वतःचा पक्ष काढला, आणि आशांती मुलखात नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली. ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा वगळलेल्या उत्तरेचा आवाज, कमी ताकदीचा का होईना, विधानसभेत पक्षाच्या रूपाने बसलेला होता. सरदार, शिक्षक आणि थोडेफार शिकलेले तरुण तिथे एकत्र आले. चांद्यात जमीनदार होते, शिकलेले तरुण नव्हते, आणि स्वातंत्र्य दहा वर्षे आधी आले.

१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसने प्रांतात ११२ पैकी ९२ जागा जिंकल्या. त्याच वर्षी विधानसभेने मालगुजारी आणि जमीनदारी नष्ट करण्याचा ठराव केला. १९३० मध्ये मालकांना न दुखवणारा पक्ष सोळा वर्षांत इथवर आला होता, आणि हे श्रेय त्याला दिले पाहिजे. संविधान सभेने वगळलेल्या क्षेत्रांसाठी अ. वि. ठक्कर यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली, आणि तिच्या कामातून संविधानाची पाचवी अनुसूची आकाराला आली. १९३६ च्या हुकुमातली मूळ कल्पना, म्हणजे राज्यपालाच्या हाती कायदा थांबवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार, त्या अनुसूचीत राहिली. तिच्या सोबत आता जमाती सल्लागार परिषद, राखीव जागा आणि प्रौढ मताधिकार आले.

मध्य प्रदेश झालेल्या या प्रांतात ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी आणि मालगुजारी संपली. जंगले, पडीक जमिनी आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव सरकारजमा झाले. धानाच्या पट्ट्यात हे तलाव आजही ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. पुढच्या काही महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि अहेरी, एटापल्ली, धानोऱ्याच्या माडिया आणि गोंड स्त्री-पुरुषांनी पहिल्यांदा मत दिले. जमीनदार गेला होता, पण त्याच्या जागी पक्षाचा कार्यकर्ता आला नव्हता. आला तो वनखात्याचा गार्ड आणि ठेकेदार. चांद्याची लोकसभेची जागा १९५२ मध्ये काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली आणि १९५७ मध्ये व्ही. एन. स्वामी यांनी जिंकली. खालसा मुलखातली बांधणी त्यांच्या पाठीशी होती.

जंगलाचे मत वेगळे झाले ते १९६२ मध्ये. पानाबरसचे लाल श्यामशाह अपक्ष म्हणून चांद्यातून निवडून आले. पानाबरस ही एकेकाळी चांदा जिल्ह्यातलीच जमीनदारी, पुढे दुर्गला जोडलेली. जमीनदार घराण्यातला हा माणूस आदिवासींचे हक्क आणि जंगल यांसाठी लढला, आणि पूर्व बंगालच्या निर्वासितांना आदिवासींच्या मुलखात वसवण्याच्या धोरणाविरुद्ध त्याने १९६४ मध्ये लोकसभेचा राजीनामा दिला. त्याच काळात अहेरीचे राजे विश्वेश्वरराव विधानसभेत पोचले. पुढे नाग विदर्भ आंदोलन समितीच्या नावाने वेगळ्या विदर्भाचे राजकारण त्यांनी केले, आणि १९७७ मध्ये ते चंद्रपूरचे खासदार झाले. पक्ष जिथे पोचले नव्हते तिथे लोकांनी आपल्या ओळखीच्या घराण्यांना पुढे केले. पाठिंबा त्यांनी या घराण्यांच्या राजेपणाला दिला की त्यांनी हाती घेतलेल्या प्रश्नांना, याचे उत्तर गावागणिक बदलते.